दांडा की बाटली?

अमेरिकेत उंचावलेल्या पिकअप ट्रकच्या हौद्यात किंवा बंपरवर भोकाभोकांचा चार फुटी लोखंडी दांडा बांधलेला हमखास दिसतो. हा हाय-लिफ्ट जॅक. जॅक या वस्तूचं मला जुनं वेड आहे. भंगाराच्या दुकानात गेलो तरी हात आधी त्याच कोपऱ्यात जातो. पण या दांड्याइतकी लाडकी, आणि माझ्या मते इतकी भलत्या कामाला जुंपलेली वस्तू दुसरी नसेल.

समजा, एखाद्याने पिकअपला चार इंची लिफ्ट किट बसवलं, 31 इंची टायर काढून 35 इंची घातले आणि आडरानात चाक बसलं. गाडीसोबत आलेला कात्रीसारखा जॅक पूर्ण उघडला तरी चासीपाशी पोचता पोचता थकतो. मग मालक म्हणतो, गाडी उंच झाली, तेव्हा जॅकही उंच हवा. गफलत होते ती इथेच. लिफ्ट किट उचलतं चासीला. अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर, त्याची उंची टायरच ठरवणार. 31 चा 35 झाला की अ‍ॅक्सल वर जातो जेमतेम दोन इंच. चासी मात्र सहा इंच.

शिवाय चासी किंवा बंपर धरून गाडी उचलू लागलं की वर येतं ते नुसतं धड. स्प्रिंगा मोकळ्या होत जातात, अ‍ॅक्सल खाली लोंबत राहतो आणि चाक जमीन सोडत नाही. खाचखळग्यांसाठी बांधलेल्या सस्पेन्शनला हे लोंबणं मुद्दाम जास्त दिलेलं असतं. म्हणजे पहिले पाच-सहा इंच फुकट गेले. त्यावर फुगलेली स्टेपनी आत सरकायला आणखी तीन-चार इंच हवेत. दोन-अडीच टनांचं धूड एका कोपऱ्यात पाऊण-एक फूट उचललेलं, आणि आधार काय, तर तळव्याएवढ्या पत्र्यावर उभा असलेला एक दांडा!

हा दांडा इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड नावाच्या छोट्या गावातला. फिलिप जॉन हॅरा यांच्या कारखान्यातून तो 1905 पासून बाहेर पडतो आहे, आणि त्याची मूळ रचना अजून फारशी बदललेली नाही. 36, 42, 48 आणि 60 इंच अशी मापं मिळतात. 48 इंचीचं वजन 13 किलोच्या आसपास. आत दोन पोलादी खुंट्या. हँडल दाबलं की एक खुंटी भोकात भार धरून ठेवते आणि दुसरी वरच्या भोकात जाते. माडावर चढणारा हात रोवल्याशिवाय पाय सोडत नाही, तसं. तेल नाही, वॉशर नाही, गळती नाही. चिखल आत गेला तर खुंट्या अडकतात. मग धुवायचं, थोडं वंगण सोडायचं, पुन्हा कामाला लावायचं. कारागिरी म्हणून मला हे यंत्र अजोड वाटतं.

पण त्याच्या सूचनापुस्तिकेची पानं उलटली की कौतुकाला आळा बसतो. क्षमता 4660 पौंड, म्हणजे सुमारे 2100 किलो. भार 7000 पौंडांच्या घरात गेला की एक बोल्ट मुद्दाम तुटतो आणि पुढे उचलणं थांबतं. इथवर ठीक. खरी मेख उतरवण्यात आहे. चढवताना जोर माणसाचा असतो, उतरवताना गाडीचा. खटका खाली केला की प्रत्येक भोकागणिक गाडीचं वजन हँडलला वर ढकलतं. पकड सुटली तर हँडल आपल्या आपण वरखाली आपटत सुटतं, आणि त्या वाटेत जबडा आला तर जबडा जातो. म्हणून खटक्याला हात लावण्याआधी हँडल दांड्याला चिकटून उभं असलं पाहिजे, आणि दांडा व हँडल यांच्यामध्ये डोकं कधीही नेता कामा नये. उलट भार 150 पौंडांहून कमी असेल तर खुंट्या टप्प्याटप्प्याने उतरत नाहीत, सगळं एकदम खाली घसरतं. हे नीट वाचलेला माणूस भर उन्हात, एकटा, उतारावर हा जॅक लावायला दहादा विचार करील.

वर आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या बंपरांना याची जीभ लावायला जागाच नसते. लोखंडी बंपर किंवा दाराखालचा मजबूत पाइप हवा. चाकालाच अडकवायचे आकडे मिळतात. त्यांनी चाक थेट उचललं जातं, लोंबण्याचा प्रश्न मिटतो, रुतलेल्या चाकाखाली दगड सारता येतात. फक्त तेच चाक बदलता येत नाही.

आपल्याकडेही थारच्या मागे हा दांडा मिरवणारे आहेत. गाडी उंच करण्याचा मामला मात्र कायद्यात अडकतो. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून सांगितलं आहे.

आता बाटली, म्हणजे बाटलीच्या आकाराचा, द्रवाच्या दाबावर उचलणारा हायड्रॉलिक जॅक. ब्रामा नावाच्या संशोधकाने 1795 साली इंग्लंडात पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. ती उचलून नेता येईल अशी केली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने. जन्माने स्कॉटिश, धंद्याने यंत्रकार. त्याचं पेटंट 1851 चं. गणित सरळ आहे: पंपाचा दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आणि उचलणारा 30 चा असेल तर जोर नऊपट होतो, त्यावर हँडलच्या तरफेचा फायदा वेगळा. या डजनला वाफेच्या गाडीचाही नाद. पहिली गाडी 1858 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तर गड्याने दुसरी बांधली. ती स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. दांड्याच्या भक्तांना हॅरा पाठ असतो. डजनचं नाव कुणी काढत नाही, हा मला अन्याय वाटतो.

कारण उंच ट्रकला उपयोगी पडते ती त्याचीच बाटली. ती अ‍ॅक्सलखाली, चाकाच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावायची. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर खालच्या आर्मखाली, कंपनीने दाखवलेल्या जागी. मग स्प्रिंग लोंबायचा प्रश्नच उरत नाही, चार-पाच इंचांत चाक मोकळं होतं. खरेदीआधी दोन मापं घ्यावीत. एक, हवा गेलेल्या चाकावर अ‍ॅक्सल जमिनीपासून किती उरतो. बाटलीची मिटलेली उंची त्याहून कमी हवी. दुसरं, फुगलेली स्टेपनी बसेल तेव्हा अ‍ॅक्सल किती वर असेल. माथ्याचा स्क्रू उघडून बाटली तिथवर पोचली पाहिजे. टनांचा आकडा दुकानदार आधी सांगतो. तो मी शेवटी विचारतो, कारण सहा टनांची बाटली सहज मिळते. खाली जाड फळी, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड. वाळूत फळीसकट बाटलीही रुतते. तिथे सायलेन्सरच्या धुरावर फुगणारी पिशवी बरी.

आणि दांडा ज्याच्याकडे आहे, त्याने तो विकू नये. साखळी बांधून कुंपणाचे गंजलेले खांब उपटायला त्याच्यासारखं अवजार नाही. अमेरिकेतले शेतकरी त्याला त्या कामासाठीच दारात ठेवतात.