'बॉइज लव्ह' मांगातील घाईचे शेवट आणि अपुरी पात्रे : एक विचार

जपानी चित्रकथांमध्ये, म्हणजे मांगामध्ये, पुरुषांमधील प्रेमसंबंध रंगविणारा आणि मुख्यतः स्त्रियांनी स्त्री-वाचकांसाठी घडविलेला प्रवाह 'बॉइज लव्ह' या नावाने ओळखला जातो. त्यावर दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. एक, शेवट घाईने उरकलेला असतो. दुसरा, दोन नायकांपैकी एकाचेच व्यक्तिचित्र पूर्णत्वास जाते. हे दोष स्वतंत्र मानले जात असले, तरी दोहोंचे मूळ प्रकाशनाच्या व्यवस्थेत आणि तिला सोयीच्या ठरलेल्या कथासंकेतांत सापडते.

या प्रकारातील पुष्कळ कथा नियतकालिकातून क्रमशः येतात आणि सुमारे दोनशे पृष्ठांच्या एकाच पुस्तकात संपतात. पहिले प्रकरण अनेकदा स्वयंपूर्ण कथेसारखे रचलेले असते. ओळख, आकर्षण आणि प्रेमाची कबुली त्यातच होऊन जाते. प्रतिसाद लाभला की पुढील प्रकरणे लिहावी लागतात. मग जुना प्रियकर, दूरच्या गावी बदली, घरच्यांचा विरोध असा एखादा अडथळा बाहेरून आणला जातो आणि अखेरच्या काही पानांत दूरही केला जातो. शेवट घाईचा वाटतो तो केवळ पाने अपुरी पडल्यामुळे नव्हे. कथा मुळात पहिल्या प्रकरणातच संपलेली असते.

पात्रांचेही तसेच. पुढाकार घेणारा 'सेमे' आणि प्रतिसाद देणारा 'उके' अशी विभागणी रूढ आहे. निवेदन बहुधा 'उके'च्या मनातून चालते आणि 'सेमे'चे अंतरंग गूढतेसाठी झाकलेले राहते. परिणामी त्याचे मनःपरिवर्तन वाचकाला दिसत नाही, केवळ कळविले जाते. 'याओइ' ही जुनी संज्ञा 'उत्कर्ष नाही, समारोप नाही, अर्थ नाही' अशा अर्थाच्या तीन जपानी शब्दांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झाली. १९७०च्या दशकातील हौशी चित्रकर्त्रींनी ती स्वतःच्याच थट्टेने योजली होती, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

या प्रवाहाची पूर्वसूरी मानली जाणारी मोतो हागिओ यांची 'तोमा नो शिन्झो' (तोमाचे हृदय) १९७४ मध्ये साप्ताहिकातून आली. प्रारंभीच्या वाचक-कौलात ती तळाला गेली आणि ती लवकर आटोपावी असा संपादकीय आग्रह सुरू झाला. परंतु त्याच सुमारास हागिओंच्याच 'पो नो इचिझोकू'च्या (पो घराणे) पुस्तकाला उत्तम खप लाभला आणि कथेला जीवदान मिळाले. तोमाचा मृत्यू प्रारंभीच घडतो. युली मात्र त्याच्या प्रेमाला का नाकारत होता, हे फार उशिरा उलगडते. कथा मध्येच आवरली गेली असती, तर युली केवळ एक कठोर, शिस्तप्रिय विद्यार्थी म्हणून उरला असता.

केइको ताकेमिया यांच्या 'काझे तो की नो उता'ला (वारा आणि वृक्षांचे गीत) १९७६ ते १९८४ असा दीर्घ अवधी मिळाला. जिल्बेर आणि सेर्ज या दोघांच्याही पूर्वायुष्याला तेथे स्वतंत्र विस्तार आहे. म्हणूनच त्यांची शोकान्तिका अटळ वाटते.

तथापि दीर्घता हाच एकमेव उपाय नव्हे. असुमिको नाकामुरा यांचे 'दोक्यूसेइ' (वर्गमित्र, २००८) हे एकच पुस्तक. त्यात ऋतूंच्या क्रमाने दोन विद्यार्थ्यांची जवळीक हळूहळू वाढते आणि निवेदनाचा कल दोघांकडेही वळतो. शाळा संपल्यानंतरचे प्रश्न तेथे ओढूनताणून मिटविलेले नाहीत. ते २०१०च्या 'सोत्सुग्योसेइ' (पदवीधर) या दोन खंडांच्या उत्तरभागासाठी मोकळे ठेवले आहेत.