गाडीची जुळणी कुठली? (लेखांक ६)

मागच्या लेखांकात एका गाडीचे सुटे भाग किती देशांतून येतात ते पाहिलं. आता शेवटचा टप्पा, म्हणजे हे भाग एकत्र येऊन गाडी उभी राहते तो कारखाना. महागडी गाडी घेणारा आपल्याकडे आवर्जून सांगतो, ‘ही सीबीयू आहे, म्हणजे बाहेरून तयारच आलेली, इथे जोडलेली नाही.’ अमेरिकेत जुनी टोयोटा घेणारा काचेखालचा सतरा अक्षरांचा क्रमांक वाचतो. सुरुवात ‘जे’ने असेल तर जपान, १, ४ किंवा ५ने असेल तर अमेरिका, ३ने असेल तर मेक्सिको. ‘जे’ दिसला की तो निश्चिंत होतो. या समजुतीला आधारच नाही असं म्हणता येणार नाही. १९८०च्या दशकात जपानी गाड्या अमेरिकी गाड्यांपेक्षा खरोखरच कमी बिघडत होत्या. पण तो गुण जपानच्या भूमीचा होता की काम करण्याच्या रीतीचा, हे तपासायचं तर रीत तीच ठेवून देश बदलून पाहायला हवा. सुदैवाने असा एक प्रयोग प्रत्यक्ष झाला आहे.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. तिथली गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, व्यवस्थापन आणि युनियन यांच्यातून विस्तव जात नसे. मुख्य म्हणजे लाइन कधीच थांबवायची नाही, हा तिथला अलिखित कायदा होता. एखादा बोल्ट चुकला, चुकीचा भाग बसला, तरी गाडी पुढे सरकायची आणि नंतर आवारात उभी करून दुरुस्त व्हायची. १९८२मध्ये हा कारखाना बंद पडला. मग जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत ‘न्यूमी’ नावाने तो पुन्हा उभा केला आणि १९८४च्या अखेरीस तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. इमारत तीच, युनियन तीच. कामगारही बहुतांशी तेच. सुमारे ८५ टक्के लोक जुन्या फ्रीमाँटचेच होते. बदलली ती रीत. त्यांच्यातल्या काही शे जणांना टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्यांच्या डोक्यावर एक दोरी होती. काम बिनसलं की कामगाराने ती ओढायची, दिवा लागायचा, गटप्रमुख धावत यायचा. गाडी त्या जागेवरून पुढे सरकेपर्यंत दोष निघाला नाही, तर अख्खी लाइन थांबायची. जिथे लाइन थांबवणं हाच गुन्हा होता, तिथे ती थांबवण्याचा हक्क साध्या कामगाराच्या हाती आला. मला या सगळ्या हकिगतीत ही दोरी सर्वांत मोलाची वाटते, कारण चूक जिथे घडली तिथेच ती कबूल करायची मुभा तिने दिली.

परिणाम मोजलेले आहेत. एमआयटीच्या संशोधकांनी जगभरच्या कारखान्यांची तुलना केली. १९९०च्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकात ते आकडे आहेत. जनरल मोटर्सच्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात दर शंभर गाड्यांमागे जुळणीचे १३० दोष, ताकाओकात ४५, आणि न्यूमीतही ४५. म्हणजे अमेरिकी हातांनी बनलेली गाडी जपानी गाडीच्या तोडीस तोड होती. त्याहून बोलका निष्कर्ष मेक्सिकोचा आहे. मोठ्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांत सर्वांत उत्तम जुळणी आढळली ती फोर्डच्या हेर्मोसियो इथल्या कारखान्याची, अगदी उत्तम जपानी कारखान्यांपेक्षाही सरस. याचा अर्थ रीत कुठेही नेली की आपोआप रुजते असाही नाही. जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात हीच पद्धत आणू पाहिली. ती तिथे रुजली नाही आणि १९९२मध्ये तो कारखाना बंद झाला. एकच देश, एकच राज्य, दोन्हीकडे जनरल मोटर्स, तरी दोन कारखान्यांची दोन नशिबं. फरक होता, पण तो देशाचा नव्हता.

ग्राहकाची नजर मात्र शिक्क्यावरून हलत नाही. न्यूमीत एकाच लाइनवर टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या जवळजवळ जुळ्या गाड्या बनत. तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रिझमचा भाव कोरोलापेक्षा लवकर घसरायचा.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जुळणीचे दोष पहिल्या काही महिन्यांत उघडे पडतात. दहा वर्षांनी गाडी कशी चालेल हे त्यावरून कसं ठरणार? आक्षेप बरोबर आहे, पण तो जुळणीच्या देशाचं महत्त्व आणखी कमीच करतो. दीर्घकाळचा टिकाऊपणा आराखडा आणि सुटे भाग यांवर ठरतो. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण पाहा. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं, आणि अपघातात ती डबीच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. माणसं मेली. एकट्या अमेरिकेत कोट्यवधी डब्या परत मागवाव्या लागल्या. या डब्या जपानमध्ये जुळलेल्या गाड्यांत होत्या, अमेरिकेत जुळलेल्यांतही होत्या. क्रमांकाच्या पहिल्या ‘जे’ने कोणालाही वाचवलं नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे: तीच गाडी युरोपात भक्कम आणि भारतात कमकुवत, हे मग कसं? त्याचं उत्तर चाकणमध्ये सापडतं. २०१४च्या जानेवारीत गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात बनलेल्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातली, एअरबॅग नसलेली पोलो त्यात होती. तिला शून्य तारे मिळाले, सांगाडा स्थिर राहिला असतानाही. मग दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली, तीही चाकणचीच. तिला चार तारे मिळाले. तोच कारखाना, तेच कामगार. शून्य आणि चार यांमधलं अंतर पडलं ते इथल्या ग्राहकाला काय द्यायचं, या कंपनीच्या कार्यालयात झालेल्या निर्णयामुळे. त्या निकालानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणं बंद केलं.