भोपळ्यातली म्हातारी आणि कपाटाची किल्ली

शेतकरी बंधूंनो, दिवसभर रानात राबून तुम्ही घरी येता. हातपाय धुऊन ओसरीवर टेकता, तोच तिसरीतली पोर पुस्तक घेऊन शेजारी बसते. चित्रात म्हातारी भोपळ्यात बसलेली, मागं वाघ. "आबा, भोपळा खरंच पळतो का हो?" ती विचारते. तुम्ही म्हणता, "आधी अभ्यास कर. असल्या गोष्टींनी पोट भरतं होय?"

जरा थांबा. हीच गोष्ट लहानपणी तुम्ही आजीच्या कुशीत ऐकली आहे. लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असं सांगून वाघाला चकवणारी ही म्हातारी आपलीच. "मग पुढं काय झालं?" म्हणून आपण आजीला झोपू देत नव्हतो. त्याच ओढीनं पोर आज पान उलटते, अडलेला शब्द जुळवते. धड्याखालच्या प्रश्नोत्तरांनी ही ओढ लागत नाही. उद्या औषधाच्या डब्यावरची सूचना, सातबाऱ्यावरची नोंद तिला स्वतः वाचता यायला हवी ना? त्याची सवय इथूनच लागते.

खरी अडचण वेगळीच असते. आपली शाळा लवकर सुटली, जोडाक्षरं अडतात. पोरीसमोर अडखळलो तर ती काय म्हणेल, याची लाज वाटते. लाजू नका. तिला वाचू द्या, तुम्ही ऐका. मधेच विचारा, "आता वाघ काय करील गं?" तुम्ही वाचताना अडलात तर तीच सांगेल. आबांना आपण शिकवलं, याचा तिला केवढा आनंद! आईला अक्षरओळख नसली तरी चित्रं बघून तिनं आपल्या मनाची गोष्ट सांगावी. रोज दहा मिनिटं पुरेत. तेवढा वेळ टीव्ही अन् मोबाईल बंद.

आता सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि गुरुजींना दोन शब्द. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. सातारा जिल्ह्यातलं भिलार, स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव, २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवून घेतली. एवढं मोठं काम लगेच जमणार नाही, पण शाळेतलं कपाट तर उघडता येईल? पुस्तकं फाटतील म्हणून त्याला कुलूप, अन् किल्ली कुणाकडं ते ठाऊक नाही, असं कितीतरी ठिकाणी दिसतं. फाटलेलं पान खळीनं चिकटवता येतं. शनिवारी प्रत्येक पोराला एक पुस्तक घरी न्यायला द्या, वहीत नोंद ठेवा. येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर काढा.

आणि आबा, आज रात्री पोरीनं पुन्हा विचारलं, तर म्हणा, "पळतो की! वाच बघू पुढं."