धरण जिंकलं, आता वीजबिल कुणाच्या नावावर?

हूवर धरणावरची दुसरी लढाई संपते आणि सूत्रं खेळाडूच्या हातून निघून जातात. आता हिंडता येत नाही की लुटीचा हिशेब लावता येत नाही. पडद्यावर एकामागून एक स्थिरचित्रं येऊ लागतात. एका खेड्याचं पुढे काय झालं, एका टोळीचं काय झालं, सोबत फिरलेल्या मित्राचं काय झालं, हे निवेदक सांगत जातो. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा व्हिडिओ गेम ऑक्टोबर 2010 मध्ये बाजारात आला. ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीने तो जेमतेम दीड वर्षात तयार केला होता. गोळीबाराच्या बाबतीत तो तेव्हाही ओबडधोबडच होता. तरी इतक्या वर्षांनंतर त्यावर भांडणं होतात ती या शेवटच्या चित्रांवरून.

गेममधलं जग 23 ऑक्टोबर 2077 या दिवशी अणुयुद्धात बेचिराख झालेलं आहे. पण कथा घडते 2281 मध्ये, म्हणजे दोनशेचार वर्षांनी. बॉम्बची राख केव्हाच बसली आहे. आता प्रश्न वेगळे आहेत. कर कोण गोळा करणार, टर्बाइन कुणाच्या आणि कोलोरॅडो नदीचं पाणी कुणाच्या शेतात जाणार? (खऱ्या अमेरिकेतही याच नदीच्या पाण्यावरून सात राज्यं 1922च्या करारापासून घासाघीस करत आली आहेत. तेव्हा कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसावा.)

धरणावर हक्क सांगणारे तीन मोठे गट आहेत. पश्चिमेकडून आलेलं न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक. त्यांच्याकडे निवडणुका, संसद, नोटा आणि दफ्तरदिरंगाई असं सगळं काही आहे. पूर्वेकडून आलेली सीझरची लिजन म्हणजे 86 टोळ्या जिंकून, त्यांची नावं आणि बोली पुसून उभारलेली गुलामांची फौज. आणि मधोमध मिस्टर हाउस, वेगासचा जुना धनी. अणुयुद्धाच्या दिवशी शहरावर आलेल्या 77 क्षेपणास्त्रांपैकी 59 त्याने संगणकाच्या संदेशाने निकामी केली आणि 9 लेझर तोफांनी पाडली. उरलेली 9 आसपासच्या वाळवंटात पडली. हे तिघेही नकोत असं वाटलं, तर खेळाडू ‘येस मॅन’ नावाच्या होयबा यंत्रमानवाला हाताशी धरून स्वतःच वेगासचा मालक होऊ शकतो.

यातलं कुणीही जिंकलं तरी मागच्या भांडणांची थकबाकी मिटत नाही. ‘न्यू वेगास’चं वेगळेपण इथे आहे, आणि ते समजून घ्यायचं तर धरण सोडून मोहावे वाळवंटातल्या बिटर स्प्रिंग्जकडे वळायला हवं.

तिथल्या रिपब्लिक आणि खान टोळीच्या भांडणाचं मूळ 1997 सालच्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये आहे. ‘व्हॉल्ट 15’ या तळघरात अणुयुद्धातून वाचलेली माणसं बाहेर पडली आणि फुटली. काहींनी शेडी सँड्स हे गाव वसवलं. काहींच्या लुटारू टोळ्या झाल्या, त्यातलीच एक खान. म्हणजे ही सरळसरळ भाऊबंदकी. 2161च्या सुमाराला खानांनी गावच्या म्होरक्याची मुलगी टँडी पळवून नेली आणि खेळाडूने तिला सोडवलं. पुढच्या गेममध्ये, 2241 साली, तीच टँडी म्हातारपणी रिपब्लिकची राष्ट्राध्यक्ष झालेली दिसते. गावाचं राज्य झालं, खानांना मात्र पिढ्यान् पिढ्या मार खात पूर्वेकडे सरकावं लागलं.

ते मोहावे वाळवंटात आले, पण रिपब्लिकचं सैन्य तिथेही पोहोचलं. 2278 मध्ये बिटर स्प्रिंग्जच्या त्यांच्या तळावर हल्ला झाला. खिंडीतून बाहेर पडणारे लढवय्ये नव्हते, ती पळणारी बायकामुलं आणि म्हातारी माणसं होती. वरच्या नेमबाजांना ते दिसत होतं. गोंधळलेल्या आदेशांत गोळीबार मात्र चालूच राहिला. त्या नेमबाजांपैकी एक, क्रेग बून, खेळाडूचा साथीदार होऊ शकतो. तो फारसं बोलत नाही आणि खेळाडूवर पुरेसा विश्वास बसेपर्यंत त्या दिवसाविषयी तोंड उघडत नाही.

आता त्याच जागी रिपब्लिकची निर्वासितांची छावणी आहे. माणसं जास्त, औषधं आणि अन्न कमी. भरीला भर म्हणून डोंगरातल्या गुहेत दडून बसलेला एक खान या निर्वासितांवर गोळ्या झाडतोय, कारण त्याच्या घरचे लोक इथेच मारले गेले होते. त्याला ठार करता येतं किंवा बोलून थांबवता येतं. काहीही केलं तरी खिंडीतल्या कबरी तिथेच राहतात.

उरलेल्या खानांचं काय होतं, ते खेळाडूवर अवलंबून आहे. त्यांचा म्होरक्या पापा खान सुडाच्या आशेने लिजनशी हातमिळवणी करून बसलेला आहे. लिजन दोस्त टोळ्यांनाही गिळून टाकते, हे त्याला पटवून दिलं तर युती तुटते. एका शेवटात खान धरणावर जाऊन मरतात. दुसऱ्यात ते मोहावे सोडून ईशान्येला वायोमिंगच्या पठारांवर जातात आणि ‘फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स’ या डॉक्टर-शिक्षकांच्या संघटनेच्या मदतीने नवं साम्राज्य उभारतात. एवढ्या अंधाऱ्या गेममध्ये इतका उदार शेवट दुसऱ्या कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. मात्र त्यासाठी त्यांना भूमी सोडावी लागते, सूडही सोडावा लागतो.

गंमत अशी की याच फॉलोअर्सना रिपब्लिकच्या विजयात किंमत मिळत नाही. वेगासच्या जुन्या मॉर्मन किल्ल्यात (हा किल्ला खरोखर आहे, 1855 सालचा) ते गरिबांवर फुकट उपचार करत असतात. लोकशाही जिंकते आणि त्यांना किल्ला सोडावा लागतो. सीझरही तरुणपणी त्यांच्यातच होता, तेव्हा त्याचं नाव एडवर्ड सॅलो. रोमन इतिहासाची पुस्तकं वाचूनच त्याने लिजनचा आराखडा काढला. गेमचे दिग्दर्शक जॉश सॉयर इतिहासाचे पदवीधर आहेत, आणि ते जागोजागी जाणवतं.

सगळ्यात जास्त जाणवतं ते शेवटच्या सामन्यात. बहुतेक गेममध्ये शेवटचा खलनायक म्हणजे गोळ्या संपेपर्यंत झाडत राहण्याचं लक्ष्य. इथे लिजनचा सेनापती लेनियस समोर उभा ठाकतो तेव्हा वाक्चातुर्य किंवा व्यापाराचं कौशल्य कमावलेला खेळाडू त्याच्याशी चक्क रसदीवर चर्चा करू शकतो. धरण घेशील, पण पुढचा पश्चिम मुलूख राखायला माणसं आणि धान्य कुठून आणशील? रिपब्लिक ज्या लांबलेल्या वाटांमुळे दमलं, त्याच तुलाही दमवतील. लेनियस विचार करतो आणि सैन्य मागे घेतो. तलवार उपसावी लागत नाही.

रिपब्लिकमध्येही हे ओळखलेला एक माणूस आहे. रेंजर्स या तुकडीचा वयस्क प्रमुख हॅनलन आपल्याच सैन्याला खोटे अहवाल पाठवतो, जेणेकरून वरिष्ठ घाबरून माघार घेतील आणि पोरं घरी जातील. हा देशद्रोह म्हणावा का? गेम निकाल देत नाही. ज्या युद्धात जिंकलेला प्रदेश सांभाळण्याची ऐपत नाही, ते जिंकण्यात अर्थ काय हे मात्र हॅनलन उघड विचारतो. रिपब्लिकचे राष्ट्राध्यक्ष किंबल आणि जनरल ऑलिव्हर यांच्यापेक्षा तो शहाणा वाटतो, हे कबूल करायला हवं.

छोट्या गावांच्या वाट्याला येणारे निकाल आणखी रोकडे आहेत. प्रिम गावाला दरोडेखोरांपासून सोडवल्यावर शेरीफ कोण नेमायचा हा प्रश्न उरतो: रिपब्लिकचे सैनिक, एक माजी कैदी की जुगारखान्यातला यंत्रमानव. सैनिक आले की सुरक्षा येते, आणि करही येतात.

नंतरच्या पुरवण्यांत मागच्या थकबाकीचा हा धागा आणखी ताणला गेला. सप्टेंबर 2011च्या ‘लोनसम रोड’मध्ये कळतं, की खेळाडूने पूर्वी नुसतं एक पार्सल पोहोचवलं आणि त्यातून एक अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली. तिथे अडकलेले रिपब्लिक आणि लिजन या दोन्ही बाजूंचे सैनिक कातडी सोलवटलेल्या अवस्थेत एकत्र जगतायत. शत्रुत्व संपलेलं आहे, पण तेही किती भयाण रीतीने!

भारतातल्या खेळाडूंची या मालिकेशी ओळख जरा अडखळतच झाली. 2008 मध्ये ‘फॉलआउट 3’ भारतात आणायचा नाही, असं मायक्रोसॉफ्टने ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चं कारण देऊन ठरवलं. रोख गेममधल्या दोन तोंडांच्या गुरांकडे आणि त्यांच्या ‘ब्राह्मिन’ या नावाकडे असावा, असा तेव्हाचा तर्क होता.

आता एप्रिल 2024 मध्ये आलेल्या ‘फॉलआउट’ या वेब मालिकेमुळे ‘न्यू वेगास’च्या शेवटांवरचा जुना वाद पुन्हा पेटला आहे. मालिका घडते 2296 मध्ये, धरणाच्या लढाईनंतर पंधरा वर्षांनी. तिथे शेडी सँड्सच्या जागी नुसता खड्डा उरला आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस वेगास दिसलं आणि डिसेंबर 2025 पासूनचं दुसरं पर्व तिथेच गेलं. मग खरा शेवट कुठला? निर्मात्यांनी कुठल्याही एका शेवटावर शिक्का मारायचं टाळलं. चाहत्यांना ते कचखाऊ वाटलं, पण चार शेवटांपैकी एक निवडून बाकीच्या लाखो खेळाडूंना खोटं पाडण्यापेक्षा ते बरं.

गेम आजही कमी ताकदीच्या संगणकावर चालतो. धरणावर निघण्याआधी, यानंतर परत फिरता येणार नाही, अशी सूचना पडद्यावर येते. ती आली की घाई करू नये. आधी बिटर स्प्रिंग्जच्या छावणीत औषधं पोहोचवून यावीत.