आकाशात इंजिन रुसले तर

उडताना इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत खाली येते. प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे दोन आसनी सेसना १५२ ताशी सुमारे ११० किलोमीटर वेग राखल्यास हजार फुटांवरून अंदाजे अडीच किलोमीटर जाऊ शकते. म्हणून पहिले काम एकच: नाक किंचित खाली करून हा वेग धरणे. बाकी सगळे त्यानंतर.

मग शेत निवडायचे. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या परिसरात हे सोपे नाही. वीजकेंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा वरून दिसतच नाहीत, त्यामुळे मनोरे शोधावे लागतात. मात्र चिमणीचा धूर वाऱ्याची दिशा दाखवतो, आणि उतरायचे ते वाऱ्याच्या समोर तोंड करून.

उंची शिल्लक असेल तरच इंजिनाकडे वळायचे: इंधनाची कळ, मिश्रण, इग्निशन आणि कार्ब्युरेटरला गरम हवा. पावसाळी दमट हवेत २५ अंशांनाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे नवशिक्यांना खरे वाटत नाही. इंजिन सुरू झालेच नाही, तर ‘मेडे’ हा संकटसंदेश देऊन इंधन तोडायचे, दाराची कडी सैल करायची. उड्डाणानंतर लगेच बिघाड झाला, तर धावपट्टीकडे वळण्याचा मोह जीवघेणा, समोरच उतरावे.

शेतात कोसळूनही जीव वाचू शकतो: २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत एकटीने उडणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे विमान शेतात कोसळले. ती किरकोळ जखमांनिशी बचावली.