बापलेक, बाइक आणि झांस्करची घळ

मुलुंड ते घाटकोपर एलबीएस मार्गावरून पावसाळ्यात बाइक चालवली म्हणजे ऑफ-रोडिंग आलं, असा एक गोड गैरसमज उपनगरांत आहे. खड्डा चुकवणं वेगळं आणि जिथे रस्ताच नाही तिथून वाट काढणं वेगळं. त्यात मागे किंवा शेजारच्या बाइकवर आपलंच लेकरू असेल, तर हिशेब आणखी बदलतो.

अशी वाट काढत वाळवंट आणि खोल घळी एकत्र पाहायच्या म्हणून अमेरिकेतल्या युटालाच जायला हवं असं नाही. लडाख हे थंड वाळवंटच. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. अंधेरीत जुलैतल्या एखाद्या दिवसाचं एवढ्यावर भागत नाही. लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर निम्मूला सिंधू आणि झांस्करचा संगम आहे. तिथून झांस्करच्या काठाने चिलिंगकडे वळलं की दोन्ही बाजूंनी तांबडे-करडे कडे अंगावर येतात. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडला. त्याआधी मधल्या टप्प्यात गाडीवाटच नव्हती. डांबरीकरणाचं काम मागाहून होत राहिलं, त्यामुळे कुठे गुळगुळीत पट्टा, कुठे खडी, कुठे नुसती माती.

आता लेकराचा प्रश्न. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स १८ वर्षांखाली मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ‘पोरगं छान चालवतं हो’ ही सोसायटीच्या गेटवरची फुशारकी तेवढी महाग पडते.

म्हणून लहान मुलांनी शिकायची जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक. परदेशात १९८१ पासून मिळणाऱ्या यामाहा पीडब्ल्यू५० या चिमुकल्या बाइकमध्ये गिअर बदलायची भानगड नाही आणि थ्रॉटल किती उघडेल हे एका स्क्रूने पालक ठरवतात. यंत्रात बापाची जरब बसवलेली आहे म्हणा ना! आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली, तेव्हापासून मातीवरच्या उड्या घराघरांतल्या मुलांनी पाहिल्या. पण अशी उडी मारायला शिकण्याआधी फूटरेस्टवर उभं राहायला शिकावं लागतं. गुडघे सैल, कोपरं बाहेर, नजर चाकाऐवजी पुढच्या वाटेवर. उभं राहिलं की बाइक खाली हवी तशी हलते आणि दणके पाठीच्या कण्याऐवजी पाय झेलतात.

डबलसीट असताना मात्र ही कसरत निम्मीच जमते. मागच्याचं वजन मागच्या चाकावर पडतं, पुढचं चाक हलकं होऊन वाळूत भरकटतं. म्हैसूरचे कृष्णकुमार २०१८ पासून वडिलांनी दिलेल्या जुन्या बजाज चेतक स्कूटरवर आईला बसवून देशभर हिंडले, नेपाळ-भूतानपर्यंत गेले. ते कौतुकाचंच, पण वाटेत मोठा ओढा आला, तर मागे बसलेल्याला उतरून चालायला लावणं हेच शहाणपण. झांस्करमधले ओढे हिमनदीच्या वितळत्या पाण्याचे. सकाळी घोटाभर असतात, दुपारनंतर फुगतात. म्हणून तिथे पहाटे निघायचं.

उपनगरातून निघणाऱ्यांची पहिली परीक्षा मात्र रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. बोरिवलीला लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबतात, म्हणून बाइक चढवायला वांद्रे टर्मिनस बरं. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी बुकाची प्रत लागते आणि बाहेर गोणपाटात गाडी गुंडाळून देणारे तयारच असतात. आरसे आधीच काढून सॅकमध्ये टाकावेत.

बाइक कोणती? हिरो एक्सपल्स २०० ला २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, पुढचं चाक २१ इंची. नव्याने लायसन्स मिळालेल्या मुलीला किंवा मुलाला ती उचलायलाही झेपते. २०२३ ची ४५२ सीसी हिमालयन ताकदवान, पण जड. आणि पडणार तर आहेच. गुडघ्याचे गार्ड, घोट्यावर येणारे बूट, छातीचं कवच यांत काटकसर करणारा बाप हजारांचा एक्झॉस्ट बसवतो, तेव्हा त्याची कीव येते.

निम्मू-पदुम-दारचा रस्त्यावरची शिंकू ला खिंड १६,५०० फुटांच्या वर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, त्यामुळे विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस बाइकला हातही लावू नये. तरण्याबांड पोरांनाही डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास होतो. फिटनेसचा वशिला इथे चालत नाही. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. खिंड ओलांडली की दारचा, मग अटल बोगदा, मनाली आणि चंदिगडहून परतीची गाडी.