स्तनांची घनता आणि आपला आहार-विहार

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'डेन्स ब्रेस्ट' असे शब्द दिसले की स्त्रिया घाबरून जातात. "डॉक्टर, काय खायचं बंद करू?" असा प्रश्न लोणावळा-कामशेतकडच्या भगिनी मला वरचेवर विचारतात. म्हणून आज या विषयाची माहिती घेऊ.

घनता म्हणजे काय?

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी असते. ग्रंथी व तंतू जास्त, चरबी कमी असेल तर स्तन दाट समजतात. हा आजार नव्हे. हाताला स्तन कडक लागला म्हणजे तो दाट, असेही नाही; दाटपणा मॅमोग्राफीतच दिसतो. तरुणपणी तो जास्त असतो, पाळी गेल्यावर बहुधा कमी होतो.

काळजीची कारणे दोन. दाट स्तनांत कर्करोगाची शक्यता काहीशी अधिक असते. शिवाय मॅमोग्राफीत चरबी काळी, ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच दिसते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातील धुक्यात पांढरी मोटार दिसू नये, तसा हा प्रकार.

आहाराचा संबंध किती?

घनता मुख्यतः अनुवंश, वय, बाळंतपणे आणि हार्मोनच्या गोळ्या यांवर ठरते. चहा, दूध किंवा तेल सोडल्याने ती कमी होते, असे सिद्ध झालेले नाही. मद्यपानाने मात्र ती थोडी वाढते आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो.

वजनाची गोष्ट फसवी आहे. वजन वाढले की स्तनात चरबी वाढते व रिपोर्टवर घनता कमी दिसते. पण पाळी गेल्यानंतर लठ्ठपणामुळे कर्करोगाचा धोका वाढतो! म्हणजे रिपोर्ट 'चांगला' आला म्हणून निर्धास्त राहू नये.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. तेथे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा बरेच कमी आढळले. लवकर व अधिक बाळंतपणे, दीर्घकाळ स्तनपान, शेतातील कष्ट ही त्यामागची कारणे मानली जातात. मावळातही भातलावणीची कंबर मोडणारी कामे सुटून खुर्चीवरची कामे वाढली आहेत. जुने दिवस परत आणता येणार नाहीत; पण बाळाला अंगावर पाजणे, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे आपल्या हाती आहे. इंद्रायणीचा भात सोडू नका, वाढून घेताना हात आखडा. चिक्की पाहुण्यांसाठी ठेवा.

तपासणी टाळू नका

टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व वयांचा एकत्र विचार करता फरक निर्णायक नव्हता. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा, रिपोर्टवर घनता जास्त असेल तर सोनोग्राफी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. नवी गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढलेले बोंड किंवा त्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्ट स्वच्छ असला तरी लगेच दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरांकडे जा, पण जा.